पगारी माणूस की बिलावरचा? मोरजीतल्या गेस्टहाऊससाठी सल्ला हवा

शापोरा_काठ

नमस्कार मंडळी. गोव्यात मोरजीला आमचं अकरा खोल्यांचं गेस्टहाऊस आहे, वहिनी आणि मी अशी दोघांची भागीदारी. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की हंगामाची तयारी सुरू होते. त्याआधी यंदा कागदपत्रं नीट करायची म्हणून बसलो आणि एका ठिकाणी अडलो.

आमच्याकडे कामाला कोण कोण आहे ते आधी सांगतो. एक स्वयंपाकीणबाई, तिच्या हाताखाली दोन मदतनीस, खोल्या आवरायला तिघं, रिसेप्शनवर दोघी मुली पाळीने, रात्रीचा वॉचमन आणि आठवड्यातून तीन सकाळ येणारा माळी. हे झाले दहा. शिवाय कपडे म्हापशाच्या लॉन्ड्रीत जातात, इलेक्ट्रिशियन बोलावला की येतो, योग शिकवणाऱ्या एक बाई आहेत, शनिवारी गाणारा एक कलाकार आहे.

हिशेब पाहणाऱ्यांनी सल्ला दिला की दहाच्या आत राहा. रिसेप्शनच्या दोघी आणि स्वयंपाकीणबाई यांना पगारपत्रकातून काढायचं, त्यांच्याशी ‘सल्लागार’ म्हणून करार करायचा, दर महिन्याला त्यांनी बिल द्यायचं आणि आपण १० टक्के कर कापून पैसे द्यायचे. मग ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. मसुदेही तयार होऊन आले. वहिनीने स्वयंपाकीणबाईंचा करार दोनदा वाचला आणि म्हणाली, “ही बाई सकाळी सहाला येऊन शेगडी पेटवते, दुपारी काय शिजवायचं ते मला विचारते. ती सल्ला कुणाला देते?”

मला फसवाफसवी करायची नाही, पण झेपणार नाही असा खर्चही अंगावर घ्यायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

खातेवही

पणजीत तीन-चार हॉटेलांचे पगार मी करतो, त्यामुळे हा प्रश्न दर सप्टेंबरात माझ्या टेबलावर येतो. तुमच्या वहिनींनी नेमकं दुखणं पकडलं आहे.

करारावर काय नाव लिहिलं यावरून माणूस नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हे ठरत नाही. कामाची खरी रीत बघितली जाते. काम केव्हा आणि कसं करायचं हे कोण सांगतं? भांडी, गॅस, संगणक कुणाचे? तिला बरं नसलं तर ती स्वतःहून दुसऱ्या कुणाला पाठवून बिल लावू शकते का, की तिनेच यायला हवं? खोल्या रिकाम्या राहिल्या तर नुकसान कुणाचं? उद्या शेजारच्या शॅकवाल्याचंही काम तिने घेतलं तर तुम्हाला चालेल का? यातलं एकच उत्तर धरून निकाल लागत नाही. सगळी एकत्र तोलावी लागतात.

रिसेप्शनच्या मुलींचं बघा. पाळी तुम्ही लावता, काउंटर तुमचा, खोलीचा दर तुम्ही ठरवता, पाहुणा चिडला तर तुम्ही त्यांना विचारता. या तुमच्या नोकर आहेत. करार कितीही सुंदर टाइप केला तरी.

लॉन्ड्री मात्र सरळ सरळ स्वतंत्र. त्याचं मशीन, त्याची माणसं, दहा ठिकाणचे कपडे, नगाप्रमाणे बिल. इलेक्ट्रिशियन तसाच. तुमची भागीदारी फर्म आहे, म्हणून एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली, तर ठेकेदार म्हणून १ टक्का कर कापायचा, समोर कंपनी किंवा फर्म असेल तर २ टक्के. एकट्या मालकाचा धंदा असता आणि आधीच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असती, तर ही कापाकापी करावीच लागली नसती.

दर्यावर्दी

मी स्वतः लहान मालक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कायदा सांगणं सोपं आहे. आमचा धंदा ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर एक पैसा येत नाही, पण छपराची दुरुस्ती, विजेचं किमान बिल, परवान्यांची फी चालूच. आणि कामगारांनाही कापलेलं नको असतं. बाहेरून आलेली मुलं म्हणतात, शेठ, जे आहे ते हातात द्या, पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू कोण जाणे. मग कुणासाठी हा सगळा खटाटोप?

शिवाय हंगामी माणसाला कायमचा नोकर म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

भोंगा

दर्यावर्दी भाऊ, तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी युनियनच्या कामात. हंगामाच्या मुद्द्यावर एक जुना निकाल सांगतो. मोरजीच्या माणसाला तो लगेच समजेल, कारण पलीकडे आगरवाडोत मिठागरं आहेत.

ध्रांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, नोव्हेंबर १९५६. कच्छच्या रणाकाठी कंपनीची मिठागरं होती. तिथे काम करणारे अगरिये ऑक्टोबरात यायचे आणि जूनपर्यंत राबायचे, पावसात गावी जाऊन शेती करायचे. प्रत्येकाला जमिनीचा तुकडा नेमून दिलेला. पैसे महिन्याला नाहीत, पिकवलेल्या मिठाच्या मणावर. कामाचे तास ठरलेले नाहीत, हजेरी नाही. वर मदतीला स्वतःच्या खर्चाने माणसं लावायची मुभा. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार कसे? हे तर स्वतंत्र ठेकेदार.

कोर्टाने पाहिलं की वाफा तयार करण्यापासून मीठ काढेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख आहे, आणि प्रतवारीत न बसणारं मीठ नाकारलं जातं. माणूस स्वतः राबतो. मदतीला आणखी चार हात घेतले म्हणून तो ठेकेदार होत नाही. ते कामगार ठरले.

म्हणजे हंगामी असणं ही एक गोष्ट आणि स्वतंत्र असणं ही अगदी वेगळी गोष्ट. आठ महिन्यांचा नोकर हा आठ महिने नोकरच.

खातेवही

भोंगाकाकांना पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून सिकंदराबादच्या शिंप्यांचं प्रकरण सांगतो, कारण ‘आम्ही नगावर पैसे देतो’ हे वाक्य मला फार ऐकू येतं. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस, १९७३. शिंपी सवडीने यायचे, जेवढं शिवतील तेवढे पैसे, काही जण कापड घरीही न्यायचे. पण दुकानातली शिलाई यंत्रं मालकाची होती, आणि शिवण बिघडली तर नाकारून पुन्हा करायला लावायचा अधिकारही मालकाचा. कोर्ट म्हणालं, हे नोकर. नुसतं नियंत्रण पुरे नाही, साधनं कुणाची आणि काम नाकारण्याचा हक्क कुणाचा हेही बघा.

आता दर्यावर्दींनी खर्चाचा विषय काढलाच आहे तर आकडेच मांडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. दहा किंवा अधिक माणसं असली की ईएसआय. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. १६,००० पगाराच्या माणसामागे मालकाला महिन्याला ५२० रुपये पडतात आणि कामगाराचे १२० कापले जातात. दहा माणसांचे मालकाला ५,२०० रुपये. भर हंगामात एका बऱ्या खोलीचं एका-दोन रात्रींचं भाडं.

या ५,२०० मध्ये काय मिळतं? उद्या कढईतलं तेल मदतनीसाच्या हातावर सांडलं, तर उपचार आणि कामावर येता येत नाही त्या दिवसांचा पगारभत्ता हे सगळं ईएसआय महामंडळ बघतं. ईएसआय नसेल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि त्या जबाबदारीला दहा माणसांची अट आड येत नाही. माणसाचा हातच कायमचा अधू झाला तर ती रक्कम लाखांत जाते. ‘सल्लागार’ असा कागद तिथे वाचवणार नाही.

भविष्यनिर्वाह निधीला वीस माणसांची अट आहे, त्यामुळे शापोरा_काठ यांना तो आज सक्तीचा नाही. ग्रॅच्युइटी दहापासून. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १६,००० वर ती ९,२३१ रुपये होते. हंगामी आस्थापनेत दर हंगामाला सात दिवसांचा पगार. हे आधीच बाजूला टाकत गेलात तर अंगावर येत नाही.

आणि ‘कामगारालाच नको’ याबद्दल. त्याने लिहून दिलं तरी तो हक्क सुटत नाही. मालकाचा वाटा त्याच्या पगारातून वळताही करता येत नाही.

अबोली

हा धागा वाचून गप्प बसवत नाही.

मी किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात तीन वर्षं काम केलं. पद ‘अतिथी सेवा सल्लागार’. काम रिसेप्शनचं. गणवेश त्यांचा, पाळी त्यांची, बोटाच्या ठशाने हजेरी, दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचे पैसे कापले. बिल मी द्यायचं असं कागदावर होतं, प्रत्यक्षात ते हिशेब विभागच छापायचा आणि माझी सही घ्यायचा. बिल १८,००० चं, १,८०० कापून हातात १६,२००.

त्या वेळी मला एवढंच कळायचं की कर गेला म्हणजे गेला. माझं वर्षाचं उत्पन्न २,१६,०००, म्हणजे करमुक्त मर्यादेच्या आतच. विवरणपत्र भरलं असतं तर सगळे पैसे परत मिळाले असते. तीन वर्षांचे ६४,८०० रुपये मी सोडून दिले होते. पुढे एका मैत्रिणीने २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढून दाखवलं तेव्हा डोळे उघडले. शेवटच्या वर्षाचं वेळेत भरलं, आधीच्या दोन वर्षांसाठी उशीरमाफीचा अर्ज केला. असा अर्ज त्या त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत करता येतो. ज्यांचे १० टक्के असे कापले जातात त्यांनी कृपया आजच आपलं २६एएस बघा. एक लक्षात ठेवा, हे उत्पन्न व्यवसायाचं दाखवलेलं असतं, म्हणून पगारदारांचं साधं विवरणपत्र चालत नाही.

पैशांचं एक वेळ जाऊ दे. तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सहाव्या महिन्यात मी रजेबद्दल विचारलं. उत्तर आलं की सल्लागारांना प्रसूती रजा नसते, करार संपला की तो पुढे वाढवणार नाही. त्याच हॉटेलात पगारपत्रकावर असलेल्या एका मुलीला २६ आठवडे भरपगारी मिळाले. आम्ही दोघी एकाच काउंटरवर, एकच काम करायचो. बाळ चार महिन्यांचं असताना मी नवी नोकरी शोधायला बाहेर पडले. घरासाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेने फॉर्म १६, म्हणजे पगारावर कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला, मागितला. तो कधी नव्हताच.

दादा, तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलींना असल्या करारावर सही करायला लावू नका. त्या नाही म्हणणार नाहीत. मीही म्हटलं नव्हतं.

दर्यावर्दी

अबोलीताई, तुमची हकिगत दोनदा वाचली. माझ्याकडेही एक मुलगी याच पद्धतीवर आहे. मी तिला कधी विचारलं नाही की कापलेले पैसे तिने परत मागितले का. उद्या विचारतो.

पिवळा_मडगार्ड

मी मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, म्हापसा स्टँडवर. माझं उदाहरण उलट टोकाचं, म्हणून लिहितो. बाइक माझी, परवाना माझा, पेट्रोल माझं. पाऊस लागला आणि गिऱ्हाईक नसलं तर तोटा माझा. तीन हॉटेलवाले मला पाहुण्यांसाठी फोन करतात, जमलं तर जातो, नाहीतर दुसऱ्याचा नंबर देतो. नाही म्हटलं म्हणून कुणी दंड करत नाही. मी कुणाचाच नोकर नाही.

पण माझा पुतण्या ॲपवर जेवण पोचवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, तरी दर ठरवणार ॲप, ऑर्डर नाकारल्या तर कमी ऑर्डर, तारे कमी पडले तर खातं बंद. तो माझ्यासारखा स्वतंत्र आहे असं मला वाटत नाही.

भोंगा

पायलट बाब, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मुलांना गिग कामगार म्हणून पहिल्यांदा नाव मिळालं. नोकर म्हणून नाही, पण ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे अशी तरतूद आहे. पुतण्याला सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करायला सांगा. माझ्या मते हे अपुरं आहे. दर आणि शिक्षा दोन्ही ज्याच्या हातात, त्याला मालक म्हणायला हवं. पण तो विषय इथे वाढवत नाही.

तानपुरा

शनिवारी गाणारा तो कलाकार मी नव्हे, पण काम तेच करतो, हॉटेलांत नाट्यगीतं आणि भावगीतं. मला बिलावरच राहायचं आहे. माझी पेटी, माझे साथीदार, त्यांचे पैसे मी देतो. आज मोरजी, उद्या फोंड्याच्या देवळात. मला पगारपत्रकावर घेऊ नका.

मात्र एकदा एका ठिकाणी रोज संध्याकाळी सात ते दहा, गाणी त्यांनी निवडायची, पोशाख त्यांचा, आणि दुसरीकडे गायचं नाही असा करार पुढे आला. मी मालकाला म्हणालो, मग मला नोकरीच द्या, रजेसकट. त्यांना ते नको होतं. मी सही केली नाही.

शापोरा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताईंचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला आणि तो मसुदा आम्ही बाजूला ठेवला. स्वयंपाकीणबाई, मदतनीस, खोल्यांवरचे, रिसेप्शन, सगळे पगारपत्रकावरच राहतील. लॉन्ड्री, इलेक्ट्रिशियन, गायक बिलावर. योगाच्या बाई हरमलमध्येही वर्ग घेतात, वेळ त्या सांगतात, येणाऱ्यांकडून फी त्या घेतात आणि आम्हाला गच्चीचं भाडं देतात, म्हणजे त्यांना तर आम्ही पैसेच देत नाही.

दोन माणसांचं मात्र अजून कळत नाही. वॉचमन एजन्सीकडून घ्यायचा विचार आहे, मग तो मोजणीतून जातो का? आणि माळी. तो इतर तीन बंगल्यांतही जातो. पाइप, खुरपी, कात्री आमची. काय लावायचं ते वहिनी सांगते, कसं लावायचं ते त्याला आमच्याहून जास्त कळतं.

खातेवही

वॉचमन एजन्सीचा असला तरी तुमच्या आवारात काम करतो, त्यामुळे ईएसआयच्या मोजणीत धरला जातो. एजन्सीने त्याचा पगार थकवला तर बोट तुमच्याकडेच येतं. एजन्सी घ्यायचीच असेल तर दर महिन्याला त्याच्या नावाने भरलेल्या ईएसआय वर्गणीचा पुरावा मागा आणि मगच बिल द्या.

माळ्याचं खरंच सीमेवरचं आहे. कसब त्याचं, चार ठिकाणी काम, हे स्वतंत्र बाजूला. हत्यारं तुमची, वार ठरलेले, तो स्वतःच यायला हवा, हे नोकराच्या बाजूला. अर्धवेळ असणं किंवा चार ठिकाणी जाणं एवढ्याने माणूस ठेकेदार होत नाही, शिंप्यांच्या निकालातही ते आहे. मी असतो तर त्याला अर्धवेळ नोकर धरला असता. चुकलंच तर तीन सकाळींच्या पगारावरची थोडी वर्गणी जास्त गेली इतकंच. उलट बाजूने चुकलात तर मागची वर्गणी, व्याज आणि दंड, शिवाय कामगाराचा वाटाही तुम्हालाच भरावा लागतो.

भोंगा

माळ्याबद्दल माझंही तेच मत. आणखी दोन कामाच्या गोष्टी. नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्या, आता ते बंधनकारक आहे, आणि त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत द्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. हंगामाअखेर कुणी काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा सगळा हिशेब चुकता करायचा, गावाहून परत आलास की देतो असं नाही.

आणि इथे वाचणाऱ्या कामगारांसाठी. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. वेतनाच्या दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे. पाळीचे फोटो, हजेरीचे मेसेज, बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. करार त्यांच्याकडे असतो, पुरावा तुमच्या फोनमध्ये असतो.

शापोरा_काठ

काल सगळ्यांना बसवून सांगितलं. पत्रं मराठीत केली, दोघांसाठी हिंदीत. हंगामाची मुदत स्पष्ट लिहिली, १ ऑक्टोबर ते ३१ मे. हिशेब पाहणाऱ्यांनाही कळवलं, त्यांनी थोडी कुरकुर केली पण ईएसआयची नोंदणी करून देतो म्हणाले.

स्वयंपाकीणबाईंनी पत्र लेकीकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, “काम मे महिन्यात संपतं. मग पावसात आजारी पडले तर हे कार्ड चालेल काय?” मला उत्तर देता आलं नाही. खातेवही, हे सांगाल का?

खातेवही

चालेल. ईएसआयमध्ये वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगळा असतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातली वर्गणी १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात उपयोगी पडते. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, ती त्यांची सहज होईल. त्यांना सांगा, हंगामात कापलेले १२० रुपये पावसातल्या उपचारांसाठीच आहेत.

शापोरा_काठ

सांगितलं. बाई म्हणाल्या, तीन वर्षं गुडघा दुखतोय, आषाढात मडगावच्या ईएसआय इस्पितळात दाखवून येते.